ज्याचा सांधा त्याची खूण

३ मार्च, सोमवार

बारक्या,

कसा आहेस वगैरे विचारत नाही. बरा असशील. नसतास तर तुझ्या वहिनीला कळलं असतं, तिला तुझं सगळं कळतं. फोन केला होता दोनदा. माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण तोवर चार ओळी डोळ्यांखालून गेलेल्या असतात.

कामाचं बोलतो. मी नोकरीसाठी अर्ज करतोय. हसून घे.

वर्कशॉप गेलं. जागावाल्याने जागा मागितली, मी दिली. तिथे आता केस कापायचं काचेचं दुकान आहे. ज्या खड्ड्यात उतरून आपण गाड्यांची पोटं बघायचो, तिथे लोक माना मागे टाकून डोकी धुऊन घेतात. जाऊ दे. माझा उजवा खांदाही आता वर जात नाही, वेल्डिंगला हात थरथरतो. घरी बसलो. तीन महिन्यांत घरातला एकूण एक स्क्रू आवळून झाला. शेजारीण मला बघितलं की मिक्सर लपवते. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, बाहेर काहीतरी शोधा, नाहीतर मी शोधते." तिला स्वतःसाठी नोकरी म्हणायचं होतं की माझ्यासाठी दुसरं घर, ते मी विचारलं नाही.

शहराबाहेर एक कंपनी आहे. लोकांच्या जुन्या गाड्या घेते, धुते, पुसते, अत्तर मारते आणि नव्या नवरीसारखी उभी करून विकते. गाडी घेण्याआधी तिच्यात खोट कुठे आहे ते सांगणारा माणूस त्यांना पाहिजे. हे काम मला जमेल. हे एकच जमेल.

पण त्यांचा फॉर्म! चार पानं. पहिल्याच पानावर, 'गाड्यांविषयीची आपली आवड शंभर शब्दांत लिहा.' मी सहावी नापास, म्हणून लिहायला तुझी वहिनी बसली. तिने मला न विचारता लिहून टाकलं, "लहानपणापासून मला गाड्यांचं वेड आहे. गाडी हा माझा श्वास आहे." शिसारी आली मला. म्हटलं, अगं बाई, पस्तीस-चाळीस वर्षं सायलेन्सरचा धूर ओढला, त्याला तू श्वास म्हणतेस? ती म्हणाली, "असंच लिहितात सगळे." सगळे लिहितात म्हणूनच तर किळस येते.

आवड कसली! आपण दोघं अंथरुणात पडलेलो असायचो आणि कोपऱ्यावर गाडी वळली की बाबा विचारायचे, कुणाची? तू म्हणायचास डॉक्टरांची. मी म्हणायचो डॉक्टरांचीच, पण तिसऱ्या सिलिंडरला दम नाही. बाबा उठून खिडकीतून बघायचे आणि परत येऊन झोपायचे. हे शंभर शब्दांत कसं लिहायचं? आणि कुणाला कळणार?

दुसऱ्या पानावर, 'आपली सर्वांत मोठी चूक कोणती आणि तिच्यातून काय शिकलात?' मी सांगितलं, लिही 'नाही'. तुझ्या वहिनीने पेन खाली ठेवलं. शेवटी मीच लिहिलं. 'नाही.'

आता तुझं काम. शेवटच्या पानावर अनुभवाचा दाखला पाहिजे, सोबत काम केलेल्या माणसाचा. बाबा गेले. आपला रंगारी गेला. उरलास तू. सोबत तेवढं पान ठेवलंय. तीन ओळी लिही, 'बावीस वर्षं यांच्यासोबत काम केलं. डेंटिंग, वेल्डिंग, तपासणी, सगळं येतं. विश्वासाचा माणूस.' खाली सही.

शाळेतल्या बाईंच्या गाडीचा विषय मी काढत नाही. चौदा वर्षं झाली. तो सांधा तुझ्या हातचा होता, हे मी आता कुणाला सांगत नाही. तूही मन मोठं कर.

तुझा
दादा


९ मार्च, रविवार

बारक्या,

पत्र मिळालं असेल. पोस्टातला माणूस चार दिवस म्हणाला होता, सहा झाले. तीन ओळी लिहायला वेळ लागत नाही.

काल यार्ड बघून आलो. लांबच लांब पत्र्याचं छप्पर, खाली पांढऱ्या फरश्या. फरश्या, बारक्या! गाडीचं काम आणि पांढरी फरशी! तेलाचा एक थेंब पडला तर दोन माणसं पुसायला धावतात. प्रत्येक गाडीत आरशाला सुगंधी पुठ्ठा टांगलेला. एकाला विचारलं, हे कशाला? म्हणाला, "ग्राहकाला फ्रेश वाटतं, काका." मी म्हटलं, "गाडीत पाणी शिरलेलं असेल तर वास कसा कळायचा?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी जेवणाच्या ताटात हात धुतला.

तिथले साहेब भेटले. पायात पांढरे बूट. गाड्यांच्या यार्डात पांढरे बूट घालणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, पण बोलला नीट. म्हणाला, "काका, आमच्याकडे सगळे पॅशनेट लोक आहेत. तुम्ही पॅशनेट आहात का?" मी म्हटलं, मी मिस्त्री आहे. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

दाखला आल्याशिवाय फॉर्म पूर्ण धरत नाहीत म्हणे. चाचणी बावीस तारखेला. तीन गाड्या देणार, दोष काढायचे. शितावरून भाताची परीक्षा. मला तिची भीती नाही. भीती तुझ्या पेनाची आहे.

तेव्हा लिही.

तुझा
दादा

ता. क. भावजी, मी वहिनी लिहितेय. हे आंघोळीला गेलेत म्हणून. हे तुम्हाला सांगणार नाहीत, पण सध्या रोज संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या ऐकत. परवा एका माणसाला हात करून थांबवलं आणि सांगितलं, तुमच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. तो बिचारा घाबरून पळाला. यांना काम मिळालं नाही तर माझं कठीण आहे. पण तुम्ही खोटं लिहू नका. एवढंच.


१४ मार्च, शुक्रवार

बारक्या,

तुझं पाकीट आलं. मला वाटलं दाखला. उघडलं तर मी पाठवलेलं पान तसंच कोरं, आणि सही करायच्या जागी पेन्सिलीने चार शब्द.

"दादा, खूण कुणाची होती?"

बस. खुशाली नाही, काही नाही. चौदा वर्षांनी पहिली ओळ, आणि ती ही!

तुला अजून तेच पडलंय. बरं, मग ऐक. बाबांचा नियम मलाही पाठ आहे. ज्याचा सांधा त्याची खूण. सांधा झाला, थंड झाला, की पंचाचं लोखंडी टोक त्याच्या बाजूला ठेवायचं आणि हातोडीने ठिपका उठवायचा. बाबांचा एक, माझे दोन, तुझे तीन. "खूण मारायची लाज वाटत असेल तर सांधा कापा आणि पुन्हा करा," हे ते रोज म्हणायचे. मी विसरलेलो नाही.

बाईंच्या गाडीचा मागच्या चाकाला धरणारा सांधा उघडला. वळणावर चाक आत आलं, गाडी भिंतीला लागली, बाईंचा गुडघा गेला. शाळेत उभं राहून शिकवणारी बाई. हे सगळं खरं. आठवडाभराने गाडी ओढून आपल्याकडे आणली तेव्हा तू बाहेर होतास. मी खड्ड्यात उतरलो. खूण दिसत नव्हती. गंज होता, चिखल होता. नीट दिसावं म्हणून ग्राइंडर फिरवावा लागला. ग्राइंडर फिरवला की पत्रा घासला जातो, हे तुला मी सांगायला नको. त्यात खूण गेली. त्याला मी काय करू?

तू आलास आणि सगळ्या गल्लीसमोर ओरडलास, "दादा, खूण दाखव." कुठून दाखवू? आणि तू त्या आठवड्यात रोज इस्पितळात बाईंना भेटायला जात होतास. ज्याचा हात नसतो तो कशाला जाईल? चोराच्या मनात चांदणं. मी तेव्हा तेच म्हणालो. गल्लीलाही ते पटलं. मी एकट्याने म्हटलं असतं तर वेगळी गोष्ट.

तू तुझी पेटी उचललीस आणि गेलास. मी जा म्हणालो नव्हतो. म्हणजे म्हणालो होतो, पण माणूस रागात बोलतो.

पान परत पाठवतोय. दाखला द्यायचा नसेल तर नको देऊस. नाक घासायला मी काही तुझ्या दारात आलेलो नाही.

दादा


२२ मार्च, शनिवार

बारक्या,

आज चाचणी झाली. दाखल्याशिवाय बसू दिलं, "नंतर जोडा" म्हणाले. सांगतो, आणि आज सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर उद्या मी परत शहाणा होईन आणि सांगणार नाही.

तीन गाड्या उभ्या. आम्ही उमेदवार पाच. बाकीचे चौघं पोरसवदा, हातात टॅब्लेट, कानात काहीतरी. एकाने गाडीला वायर लावली आणि पडद्यावर वाचलं, "सब ओके." गाडीला हात न लावता! डॉक्टर पेशंटचं तोंड न बघता म्हणतो ना, तुम्ही बरे आहात, तसं.

पहिल्या गाडीत पाणी शिरलं होतं. सुगंधी पुठ्ठा काढून खिशात टाकला, सीटखाली नाक घातलं, कळलं. दुसरी चांगली होती, तिचा क्लच तेवढा संपत आलेला. तिसरी लाल. चकाचक. साहेब म्हणाले, "काका, ही आमची स्टार आहे. काल सगळ्यांनी पास केलीय."

मी फरशीवर पाठ टेकली आणि सरपटत खाली गेलो. खांदा बोंबलत होता. बोंबलू दे म्हटलं. खाली काळा डांबरी रंग मारलेला, सगळीकडे सारखा. मी टॉर्च आडवी धरली. बाबा शिकवायचे तसं, उजेड समोरून नाही, बाजूने. आणि मागच्या चाकाजवळ, जिथे पत्रा धरतो, तिथे रंगाखाली एक जागा बशीसारखी खोल गेलेली. तळहाताएवढी. कुणीतरी तिथे ग्राइंडर फिरवला होता. सांध्यावर नाही. सांध्याच्या बाजूला. जिथे जुने मिस्त्री खूण मारतात, तिथे.

बारक्या, सांध्याच्या बाजूला कुणी कशाला घासेल? तिथे गंज धरत नाही. तिथे घासण्याचं कारण एकच असतं. मला ते बघताक्षणी कळलं, कारण मी ते केलंय.

मी तिथेच पडून राहिलो. साहेबांचे पांढरे बूट मला बाजूला दिसत होते. "काका, ठीक आहे ना?" मी म्हटलं, नाही.

तर आता ऐक. खूण दिसत होती. बाईंच्या गाडीला. चिखल हाताने पुसला, आणि दिसली. दोन ठिपके. माझे.

मी ते बघितले, खड्ड्यातून वर आलो, ग्राइंडरची वायर लावली, परत खाली उतरलो. एवढं सगळं करायला वेळ लागतो. रागात होत नाही, घाईत होत नाही. समजून उमजून होतं. वायर एकदा निघाली, मी ती परत लावली. हेही सांगतो.

आणि सांधा का उघडला तेही. तू रंग आणायला गेला होतास. बाईंच्या गाडीचा जुना पत्रा मी कापला होता, नवा बसवायचा होता, आतला गंज खरवडायचा राहिला होता. तासाभराचं काम. तेवढ्यात तो कापडवाला व्यापारी त्याची नवी चंदेरी गाडी घेऊन आला. लांबलचक, दाराला एवढासा पोचा. किल्ली माझ्या हातात टाकली आणि म्हणाला, "मिस्त्री, एक चक्कर मारा की." तसली गाडी मी फक्त चित्रात बघितली होती. मी गंजावरच पत्रा ठेवला, वरून वेल्डिंगचा टाका ओढला, तो दिसायला असा सुंदर आला की मलाच बरं वाटलं. दोन ठिपके मारले. आणि गेलो चक्कर मारायला. नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. इंजिनाचा आवाज कसा होता ते अजून कानात आहे. बारक्या, मी तिच्या आवाजासाठी बाईंचा गुडघा दिला.

आणि हे लोक मला विचारतात, गाड्यांची आवड शंभर शब्दांत सांगा.

मला तुझी किळस यायची इतकी वर्षं. रोज इस्पितळात जातो, साधूपणा मिरवतो, असं म्हणायचो. त्या पुठ्ठ्यांची किळस आली, पांढऱ्या बुटांची आली. आज फरशीवर पडल्या पडल्या बघितलं तर सगळी एकाच ठिकाणची होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी झाकत बसलो आणि घाण तुझ्या नावाने टाकत राहिलो.

बाहेर आलो. साहेबांनी विचारलं, "कसं कळलं?" म्हटलं, धंद्यात कळतं. त्यांनी गाडी वर उचलायला लावली, रंग खरवडला, आत गंजावर मारलेला टाका. बोट घातलं तर पत्रा हलला. साहेबांचा चेहरा त्यांच्या बुटांसारखा झाला.

तू विचारलंस, खूण कुणाची होती. माझी होती.

दाखल्याचं काही म्हणत नाही. ते पान तुझ्याकडेच आहे. चुलीत घाल.

दादा


३१ मार्च, सोमवार

बारक्या,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघत नाही. तुझी वहिनी बघते.

तिला मी सांगितलं. वाटलं होतं भांडेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मी म्हटलं, कधीपासून? म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. भावजींचा हात असता तर तुम्ही दोन घास जास्त जेवला असता." चौदा वर्षं एका घरात राहून गप्प बसली. मी म्हटलं, बोलली का नाहीस? "तुमचा सांधा, तुमची खूण. मी कशी मारू?" ही बाई कधी वर्कशॉपमध्ये पाय ठेवायची नाही, आणि नियम हिला पाठ.

मग काल बाईंकडे गेलो. पत्ता तुझ्या वहिनीनेच दिला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीवर मनात आलं, हा जिना बाई तो गुडघा घेऊन रोज चढतात. बाईंनी दार उघडलं. केस सगळे पांढरे, हातात काठी. मला ओळखलं लगेच.

"या, मोठे मिस्त्री. फार उशीर केलात."

मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर पाणी आलं असतं, मग चहा, मग हवापाणी, आणि सांगायचं राहिलं असतं. म्हटलं, बाई, तो सांधा माझा होता. धाकट्याचा नव्हता. मी खूण घासली.

बाई खुर्चीत बसल्या. काठी भिंतीला लावली. ती घसरली, मी उचलली, परत लावली.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, त्याने सांगितलं?

"त्याने? त्याने तुमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. मी खोदून खोदून विचारलं. म्हणायचा, बाई, आमच्या दुकानातून गाडी गेली, म्हणजे आमचीच चूक. रोज यायचा. मुलांच्या वह्या उशाशी ठेवायचा, मी तपासल्या की शाळेत नेऊन द्यायचा. आणि तुम्ही एकदाही आला नाहीत." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तीस वर्षं वर्ग सांभाळलाय, मिस्त्री. काच कुणी फोडली ते विचारायला लागत नाही. जो माझ्याकडे बघत नाही त्याने फोडलेली असते."

चोराच्या मनात चांदणं असं मी गल्लीत ओरडलो होतो. चांदणं कुणाच्या मनात होतं ते बाईंना खाटेवर पडून दिसलं.

माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी मागू नका, मी चालते अजून. गल्लीत ज्याचं नाव घेतलंत त्याचं परत द्या."

म्हणून आज सकाळी जुन्या गल्लीत गेलो. चहाची टपरी आहे अजून. तिथे चार जुनी माणसं बसलेली असतात, बाकी सगळे मेले नाहीतर मुलांकडे गेले. सांगितलं त्यांना. एकाला काही ऐकूच आलं नाही, त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. "काय म्हणतोस? तुझा होता?" हो, माझा होता. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. बघू दे म्हटलं. तेव्हा ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्याने आज ओरडलो.

केस कापायच्या दुकानातली पोरगी बाहेर येऊन म्हणाली, "काका, जरा हळू. आत क्लायंट आहेत."

अर्जाचं दुसरं पानही बदललं. 'नाही' खोडलं. खाली खरं लिहिलं, माझ्या हाताने. अक्षर बघून तुझी वहिनी कपाळाला हात लावून बसली. शब्द मात्र तिने एकही बदलला नाही. आवडीच्या शंभर शब्दांवर मी काट मारली.

दादा


१२ एप्रिल, शनिवार

बारक्या,

तुझा दाखला आला.

पाकीट उघडलं तुझ्या वहिनीने, वाचलं मी. तू लिहिलंयस,

'मी यांच्यासोबत बावीस वर्षं काम केलं. यांचा कान खरा आहे. हात खरा आहे. यांचे सांधे उघडत नाहीत. एक उघडला. तो कुणाचा होता हे यांनी चौदा वर्षांनी स्वतः सांगितलं.'

खाली सही, आणि सहीखाली कागदात आरपार तीन ठिपके.

मी तो कागद खिडकीत धरला. उजेड त्या तीन भोकांतून माझ्या हातावर पडला. तुझी वहिनी काहीतरी विचारत होती, मला ऐकू आलं नाही. मोठ्या आवाजाची गाडी जात होती बाहेर. कुठली होती ते सांगू शकणार नाही.

घेऊन गेलो यार्डात. साहेबांनी वाचलं, तोंड वाकडं केलं. "काका, छान आहे, पण शेवटची दोन वाक्यं काढून नवीन आणा ना. आणि ही भोकं कसली?" मी म्हटलं, शेवटची दोन वाक्यं काढली तर वरच्या चारांवर विश्वास कोण ठेवणार? "वरचे लोक नाही म्हणतील हो." मी म्हटलं, वरच्या लोकांना म्हणावं खाली या, आणि त्या लाल गाडीखाली झोपा. घ्यायचं तर असंच घ्या, नाहीतर फॉर्म इकडे द्या. हात दाखवून अवलक्षण म्हणा हवं तर. माझं अवलक्षण तरी माझ्या सहीचं आहे.

त्यांनी कागद ठेवून घेतला. पाच दिवसांनी फोन आला. सोमवारपासून या. लाल गाडी ज्याच्याकडून घेतली होती, त्याच्या आणखी दोन गाड्या यार्डात होत्या. त्या उचलून बघितल्या, तोच प्रकार. म्हणून बोलावलं. माझ्या शंभर शब्दांसाठी नाही.

कपडा दिलाय एक. टी-शर्ट. पाठीवर मोठ्या अक्षरात 'आम्ही गाड्यांवर प्रेम करतो'. तुझी वहिनी तो बघून इतकी हसली की तिला खोकला लागला. उलटा घालणार होतो, पण असू दे. नाहीतरी दिवसभर पाठीवरच पडायचंय, फरशी वाचेल.

आता एक शेवटचं. तुझे तीन ठिपके मी नीट बघितले. वेडेवाकडे आहेत. एक मोठा, दोन बारीक, कडा फाटलेल्या. खिळ्याने मारलेस ना? खिळ्यानेच मारत असशील इतकी वर्षं. तू पेटी उचलून गेलास त्या दिवशी पंच तुझ्या पेटीतून मी काढून घेतला होता. बाबांचा पंच. तुला वाटलं असेल हरवला. हरवला नव्हता. माझ्या कपाटात होता, फडक्यात गुंडाळून, चौदा वर्षं. मी एकदाही वापरला नाही. त्या दिवसानंतर मी एकाही सांध्यावर खूण मारलेली नाही, हे तुला आज कळेल. तुझ्या वहिनीलाही माहीत नाही. असो, आता वाचेल.

सोबतच्या डब्यात तो आहे. टोक बोथट झालं होतं, काल बसून घासलं. तेल लावलंय, पुसून घे. पोस्टातला माणूस डबा हलवून म्हणाला, "आत काय आहे?" म्हटलं, लोखंड. म्हणाला, "किंमत लिहा." मी ती जागा कोरी सोडली. त्याने बरीच कटकट केली.

माझे सांधे मारून झाले. आता मी फक्त दुसऱ्यांचे बघणार. तुझे बाकी आहेत. पत्रा थंड होऊ दे, पंच सरळ धर, आणि एकच ठोका, दोन नाही. तीनही सारखे आले पाहिजेत.

दादा